सल्लागाराची प्राप्ति

'मुलास पगार किती?' हा प्रश्न आपल्या घरांतून जितक्या सहज विचारला जातो, तितकें त्याचें उत्तर आतां सोपें राहिलेलें नाहीं. पूर्वीं महिन्याचा आकडा सांगितला कीं झालें. हल्लीं वार्षिक पॅकेज सांगतात; त्यांतील हातीं किती पडतें, पुढें किती मिळेल आणि जर-तरचें किती, याचा उलगडा बहुधा होत नाहीं. लोकांस पैशासंबंधीं सल्ला देणें हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या बाबतींत तर तो अधिकच अवघड आहे. गेल्या वर्षीं आमच्या घरांत तो आम्हांस जवळून पाहावयास मिळाला.

आमचा पुतण्या एका बँकेंत धनिक खातेदारांच्या गुंतवणुकी पाहत असे. ती नोकरी ठेवावी, कीं सेबीकडे नोंदणी करून स्वतंत्र गुंतवणूक सल्लागार व्हावें, असा प्रश्न त्याच्यापुढें होता. घर एकत्र असल्यामुळें प्रश्न त्याच्या एकट्याचा नव्हता; प्राप्ति रोडावल्यास भार सर्वांसच उचलावयाचा होता.

बँकेचा आकडा वर्षास १८ लक्षांचा. त्यांत ११ लक्ष निश्चित वेतन, विक्रीचें उद्दिष्ट गांठल्यास ४ लक्ष बोनस, आणि उरलेले ३ लक्ष म्हणजे भविष्यनिर्वाह निधींतील बँकेचा वाटा, ग्रॅच्युइटी व आरोग्यविमा. शिवाय विम्याची ठराविक विक्री झाल्यास पत्नीसह परदेशचा प्रवास. यांतील सोयींस आम्हीं क्षुल्लक मानीत नाहीं. त्याच्या आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया बँकेच्या विम्यावरच झाली होती. तेव्हां आम्हीं एक नियम ठरविला: जी सोय नोकरी सुटल्यावर विकत घ्यावीच लागेल, तिचें मोल बाजारभावानें पूर्ण धरावें, जी आपण पदरच्या पैशानें कधींच घेतली नसती, तिला अर्धेंहि मोल देऊं नये. या नियमानें आरोग्यविमा वर चढला आणि परदेशचा प्रवास खालीं आला.

दुसरा विचार मालकीचा. १ ऑगस्ट २००९ पासून सेबीनें म्युच्युअल फंडांतील प्रवेशशुल्क बंद केलें, आणि ऑक्टोबर २०१८ मध्यें विक्रेत्यास आरंभींच एकरकमी कमिशन देण्यासहि मनाई केली. आतां ग्राहकाचा पैसा फंडांत राहील तोंवर दरसाल थोडें थोडें, म्हणजे 'ट्रेल' पद्धतीनें, कमिशन मिळतें. स्वतंत्र विक्रेत्याच्या मार्फत १० कोटी रुपये गुंतले असतील व दर शेंकडा पाऊण असेल, तर वर्षास साडेसात लक्ष येत राहतात. आयुर्विमा महामंडळाच्या एजंटाचें नूतनीकरणाचें कमिशन तर, अटी पुऱ्या झाल्यास, त्याच्या पश्चात् वारसांस मिळतें. परंतु बँकेंतील नोकराचे ग्राहक बँकेचे. तो बाहेर पडला कीं त्यानें जमविलेली ही प्राप्ति मागें राहते. अठरा लक्षांच्या आकड्यांत ही उणीव कोठेंच लिहिलेली नव्हती.

हिशेब येथवर आला असतां आमच्या वहिनींनीं विचारलें, "हा परदेशचा खर्च शेवटीं कोणाच्या हप्त्यांतून निघतो?" पुतण्या थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानें सांगितलें कीं, सत्तरी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षकांस दहा वर्षें हप्ते भरण्याची पॉलिसी विकली असती, तर गतवर्षींचें उद्दिष्ट पुरें झालें असतें. त्यानें ती विकली नाहीं. म्हणूनच चार लक्षांच्या जागीं अडीचच मिळाले.

ज्या मिळकतीसाठीं सल्ला वांकवावा लागतो, ती जमेच्या बाजूस कशी लिहावी? सेबीच्या २०१३ च्या विनियमांप्रमाणें नोंदणीकृत सल्लागारास केवळ ग्राहकाकडूनच मोबदला घेतां येतो. ज्या योजना तो सुचवितो, त्यांच्या कंपन्यांकडून कांहींहि घेतां येत नाहीं. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून प्रत्येक म्युच्युअल फंडास 'डायरेक्ट' प्रकारहि ठेवावा लागला. त्यांत विक्रेत्याचें कमिशन नसल्यानें खर्च कमी पडतो, आणि सल्ल्याची किंमत ग्राहकास निराळी दिसते. पुतण्यानें मांडलेला अंदाज असा: ४० कुटुंबें, प्रत्येकीं वर्षास २५,००० रुपये, एकूण १० लक्ष. त्यांतून कचेरी, संगणक व विमा यांचा खर्च वजा.

आकड्यांनीं पाहतां बँकच जिंकत होती. तरीहि घरांत ठरलें तें असें: प्रथम आईवडिलांचा आरोग्यविमा स्वतंत्र काढावा, नंतरच राजीनामा द्यावा, आणि दोन वर्षें घरखर्चांतील त्याचा वाटा इतरांनीं भरावा. सुनबाईंनीं आपल्या पगारांतून त्याचा निम्मा उचलला, हें येथें नमूद केलें पाहिजे.

आज त्याच्याकडे २३ कुटुंबें आहेत. प्राप्ति बँकेच्या वेतनाच्या निम्म्यावरहि आलेली नाहीं, आणि दुसरें वर्ष अजून पुरें व्हावयाचें आहे. पण ते वृद्ध शिक्षक आतां त्याचे ग्राहक आहेत व फी स्वतः चेकानें देतात. वाचकांनीं आपल्या सल्लागारास केवळ 'कोठें पैसा गुंतवूं?' एवढेंच न विचारतां, 'आपणांस मोबदला कोण देतो, किती देतो आणि कशासाठीं देतो?' हेंहि निःसंकोचपणें विचारावें. सरळ सल्लागारास त्याचें उत्तर देण्यास संकोच वाटणार नाहीं.