करांगुळीची वाट

डिचोलीच्या आमच्या कुळागरात माघ महिन्यात पोफळीचा घोस कापताना कोयता निसटला आणि डाव्या मनगटात रुतला. रक्त थांबले; परंतु करांगुळी आणि अनामिकेची अर्धी बाजू जणू परक्याची झाली. शल्यविशारदांनी तुटलेला मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली सांधला आणि म्हणाले, ‘‘आता धीर धरा. वाढ दिवसाला सुमारे १ मिलिमीटर.’’ आम्हांला काळजी चवथीची. पेडण्याला मामांच्या घरी आरतीचे घुमट आम्ही वाजवायचे, हा जुना रिवाज.

त्या सक्तीच्या विश्रांतीत आम्ही वाचू लागलो. १८५० साली ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेचे मज्जातंतू तोडून पाहिले, तेव्हा तुटीपलीकडचा भाग झडून जातो असे दिसले. मग नव्या तंतूला वाट कोण दाखवते? थिओडोर श्वान यांनी १८३९ मध्ये वर्णिलेल्या साहाय्यक पेशी! एरवी त्या तंतूभोवती मेदाचे वेष्टन गुंडाळून असतात. तंतू तुटला की ते काम टाकून त्या नवे रूप घेतात. भक्षक पेशींच्या मदतीने जुना गाळ उपसतात, रिकाम्या नळीत रांगेने उभ्या राहतात, वाढीला पोषक द्रव्ये सोडतात. पोफळीच्या आधाराने मिरवेल चढावी, तसा कोवळा अंकुर त्या रांगेला धरून सरकतो. फार विलंब झाला, तर मात्र त्यांचे बळ ओसरते. मेंदूत व मज्जारज्जूत या पेशी नसतात. तेथली इजा सहसा भरून येत नाही, याचे हेही एक कारण. आणि कुष्ठरोगाचा जंतू नेमक्या याच पेशींत घर करतो, हे वाचल्यावर बधिर बोटांचे दुःख आम्हांला प्रथमच उमगले.

तपासणीला गेलो की डॉक्टर हातावर टिचकी मारीत. जेथे मारल्यावर बोटांत मुंग्या येत, तेथवर अंकुर पोचला असे समजायचे. चैत्रात ती जागा मनगटाच्या जरा खाली होती, ज्येष्ठात करांगुळीच्या मुळाशी.

चवथीला घुमटाच्या तोंडावर डावा तळवा ठेवला. करांगुळीच्या टोकाला मातीचा गारवा लागला. अस्पष्ट, पण आमचा. बोटांत पूर्वीचे बळ नव्हते. दुसऱ्या आरतीत हात थकला, नाद तुटू लागला. झांज वाजवणाऱ्या मामेभावाने आमच्याकडे न पाहताच लय उतरवली आणि आरती पुरी झाली.