आमच्या चर्चचा मिक्सर आणि मंगळवारचा प्रश्न

"चर्चसाठी मिक्सर घ्यायचाय" असं फोनवर सांगितल्यावर मुंबईच्या आत्याने विचारलं, "इतक्या लोकांची चटणी?" म्हणून आधीच खुलासा. हा आवाजाचा मिक्सर. सगळे माईक ज्याच्यात येतात आणि एकत्र होऊन स्पीकरकडे जातात तो.

तर मंडळी (आमच्याकडे चर्चच्या सभासदांनाही मंडळीच म्हणतात, तेव्हा हे दोन्ही मंडळींना), गेले दोन महिने मी या एकाच विषयात बुडालोय. पंचकमिटीने तिघांवर काम सोपवलं: मी, वर्शिप टीममधला एक तरुण आणि गेली पंचवीस वर्षं मिक्सरवर बसणारे आमचे काका. पैसे उपकारस्तुतीच्या सणातले. ज्यांनी तो सण पाहिला नाही त्यांच्यासाठी: लोक ज्वारी, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे आणून ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एकच कोंबडी तीन-तीनदा विकली जाते, कारण घेणारा ती परत अर्पण करतो. असा जमलेला पैसा खर्च करताना हात जरा आखडतोच.

नगरचे (२०२४ पासून अहिल्यानगर) ना. वा. टिळक भजनं करत तेव्हा त्यांना वीज लागत नव्हती. आम्हाला लागते. परवा माईक मोजले. पाळकांचा, शास्त्रवाचनाचा आणि प्रभुभोजनाच्या मेजावरचा असे तीन, कॉर्डलेस दोन, पेटी, तबला, डग्गा, ढोलकी, कीबोर्डच्या दोन वायरी, गिटार, बेस, पुढचे गाणारे चार, कॉयरवर दोन. झाले १९. जुना ॲनालॉग मिक्सर सोळाचा, त्यातले तीन चॅनल खरखरतात. शिवाय २०२० च्या लॉकडाऊनपासून उपासना यूट्यूबवर जाते. चर्चमध्ये डग्गा नुसत्या हातानेच घुमतो, म्हणून त्याचा माईक आम्ही खाली ठेवतो, आणि घरी मोबाईलवर ऐकणाऱ्याला डग्गा ऐकूच येत नाही. दोघांसाठी दोन वेगळी मिश्रणं हवीत. डिजिटलमध्ये ती सहज होतात.

पण मला स्वतःला डिजिटल पटलं ते शेवटच्या बाकामुळे. तिथे बसणाऱ्या एक मावशी दर रविवारी सांगतात, "गाणं छातीत वाजतं, पण संदेश कळत नाही." दगडी भिंती, उंच छप्पर. आवाज भिंतींवर आपटून उशिरा परत येतो आणि व्यंजनं खाऊन टाकतो. आवाज वाढवला की घुमणंही वाढतं. हे कुठलाही मिक्सर बरं करत नाही, विकणारा काहीही म्हणो. उपाय म्हणजे मागच्या खांबांवर लहान स्पीकर, हळू आवाजात, ऐकणाऱ्याच्या जवळ. आता गंमत बघा. वायरीतून आवाज मागच्या स्पीकरला लगेच पोचतो, पुढच्या स्पीकरचा मात्र हवेतून चालत येतो, सेकंदाला साधारण ३४३ मीटर. सतरा मीटर अंतराला सुमारे ५० मिलिसेकंद. तेवढ्यात शब्द दोनदा ऐकू येतो. डिजिटल मिक्सरमध्ये मागच्या स्पीकरला तेवढा उशीर द्यायचा, की दोन्ही आवाज जुळतात. मावशींसाठी एवढं झालं तरी माझ्या मते निम्मे पैसे वसूल.

आता कुठला? आमच्या तरुणाला नुसता डबा हवा होता. बेहरिंगरचा एक्सआर१८ घ्या, सगळं टॅब्लेटवर चालतं, स्वस्तात काम. त्याच्यावर एकही फेडर नाही. वाय-फाय गेलं की सगळे एकमेकांकडे बघत बसणार. काकांनी तेव्हा चष्मा काढून शांतपणे विचारलं, "मंगळवारी मयत असली तर?"

प्रश्न अगदी बरोबर होता. रविवारी मिक्सर चालवायला चार हुशार पोरं असतात. मंगळवारी दुपारी ती पुण्यात नोकरीवर असतात. अंत्यविधीचा निरोप सकाळी येतो, चार वाजता चर्च भरतं, आणि त्या वेळी गावात असतात ते काका. त्या दिवशी एकच माईक लागतो, फार तर पेटी. पण ज्या घरातलं माणूस गेलंय, त्यांना पाळकांचा शब्दन् शब्द ऐकू यायला हवा. मग मी सगळी यंत्रं या मंगळवारच्या चाळणीतून काढली.

यामाहाची टीएफ (२०१५) आणि ॲलन अँड हीथची क्यू (२०१३) दोन्ही चांगल्या. क्यूमध्ये ॲडमिन, स्टँडर्ड, बेसिक अशा परवानग्या देता येतात, ते मला फार आवडलं. पण त्यांचं बरंचसं काम टचस्क्रीनवर, आणि काकांच्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही. (एटीएमसुद्धा देत नाही.) शेवटी मन बसलं ते बेहरिंगर एक्स३२ कॉम्पॅक्टवर. मूळ एक्स३२ २०१२ सालचं, हे त्याचं धाकटं भावंड. १६ माईक थेट लागतात, आणखी १६ माईकचा डबा स्टेजवर ठेवून एका नेटवर्क केबलने जोडता येतो. म्हणजे ती जाडजूड दोरखंडासारखी केबल गेली. स्क्रीन लहान, पण फिरवायला खरीखुरी बटणं. आणि लग्न-ऑर्केस्ट्राच्या साउंडवाल्यांना हे यंत्र माहीत असतं. अडलं तर गावात विचारायला माणूस मिळतो. माहितीपत्रकातल्या आकड्यांपेक्षा मी याला जास्त किंमत दिली.

डेमोच्या दिवशी चॅनलचा थर बदलला तेव्हा फेडर आपोआप वरखाली सरकले. काका दोन पावलं मागे! जुन्या मिक्सरवर प्रत्येक चॅनलखाली चिकटपट्टीवर त्यांच्या अक्षरात 'पाळक', 'पेटी' लिहिलेलं असतं. डोळ्यांसमोर जे आहे तेच चालू आहे, ही खात्री असते. डिजिटलमध्ये एकाच फेडरमागे तीन-तीन चॅनल लपलेले. मला विचाराल तर हा खरा तोटा आहे. तरुण मंडळींना तो दिसत नाही, कारण त्यांना सगळं लपलेलंच असण्याची सवय.

म्हणून असं ठरवलंय: 'मंगळवार' नावाचा एक सीन साठवायचा. त्यात पाळकांचा माईक, कॉर्डलेस आणि पेटी, बाकी सगळं बंद. पहिल्या तीन फेडरखाली काकांच्याच अक्षरातली चिकटपट्टी. त्यांनी डेमोवर तो सीन सहा वेळा लावून बघितला. सातव्या वेळी माझ्याकडे न बघता लावला.

यूपीएस वेगळा घ्यावा लागेल. वीज क्षणभर गेली तरी असं यंत्र कॉम्प्युटरसारखं पुन्हा सुरू होतं, आणि तोवर चर्च मुकं. मागच्या स्पीकरचे पैसे मी यादीत मिक्सरच्याही वर लिहिलेत. त्यावरून शनिवारच्या बैठकीत वाद होणार, होऊ दे. दोन कोटेशनं आलीत, तिसरं यायचंय.

आणि हो, पुण्या-मुंबईच्या भावंडांनो, कुणाकडे चालू स्थितीतला जुना टॅब्लेट पडून असेल तर कळवा. कॉयरला स्वतःचे मॉनिटर लावायला लागेल. आत्या, चटणीचा मिक्सर नको आहे. :-)