न्हाणीच्या पाण्यावरचे अळू



डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर शेतीसल्ल्यासाठी मी बरीच वर्षे फिरतो आहे. बैठकीत पुढे बसलेले पुरुष चिकूतल्या बी पोखरणाऱ्या अळीबद्दल आणि भातावरच्या करप्याबद्दल विचारतात. बैठक उठली की मागे उभी असलेली एखादी बाई जवळ येते आणि हळूच म्हणते, "सायेब, माझ्या अळवाची पानं सडतात, काय करू?"

हा प्रश्न किरकोळ समजू नका. भात घरात खायलाच लागतो. चिकूचा पैसा बागवाल्याचा. परसातल्या अळवाच्या जुड्यांचे पैसे मात्र त्या बाईच्या पदराला बांधलेले असतात.

अळवाला लागते तरी काय? ओल, थोडी सावली आणि शेणखत. न्हाणीचे पाणी जाते तिथे, केळीच्या आडोशाला वाफा करा. पाणी मुरले पाहिजे, तुंबता कामा नये. तुंबले की डास होतात. साबण-सोड्याचे पाणी थेट गड्ड्यांवर सोडू नका. शौचालयाचे किंवा गटाराचे पाणी तर वाफ्याच्या जवळही येऊ देऊ नका.

मे अखेर किंवा पहिल्या पावसावर निरोगी गड्डे दोन-दोन फुटांवर लावा. वडीला काळ्या देठाचे अळू चांगले, फदफद्याला हिरव्या देठाचे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची 'कोकण हरितपर्णी' ही जात खास पानांसाठीच आहे. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात तिची चौकशी करा. लावणीनंतर दीड-दोन महिन्यांनी बाहेरची पाने काढायला लागा. मधली दोन-तीन पाने नेहमी राखा.

आता पाने सडण्याविषयी. आषाढ-श्रावणात झड लागली की पानावर पाणी भरल्यासारखे डाग पडतात, ते गोल वाढत जातात आणि पान गळते. हा अळवावरचा करपा. डाग दिसताच ते पान काढून वाफ्यापासून लांब पुरा. दाटी विरळ करा आणि रोगट वाफ्यातले गड्डे पुढच्या लावणीला ठेवू नका. आज तोडून उद्या खायच्या पानांवर औषध मारू नका. पानाच्या पाठीवर अळीच्या अंड्यांचा पुंजका दिसला तर तो हातानेच चिरडा.

आणखी एक खबरदारी. शोभेसाठी लावलेले मोठ्या पानाचे 'हत्तीकान' अळू समजून खाऊ नका. खायच्या अळवाचा देठ पानाच्या खाचेपासून थोडा आत, पाठीला चिकटलेला असतो; हत्तीकानाचा देठ बहुधा थेट खाचेतच येतो आणि पान वर ताठ उभे राहते. तरीही शंका वाटली तर ते पान चुलीवर चढवूच नका.

अळवात सुईसारखे बारीक खडे असतात, त्यांनीच घसा खवखवतो. पहिल्या पावसात रानात येणारे शेवळ याच कुळातले. काकडाच्या फळांशिवाय ते शिजवायचे नाही, हे तुम्हाला आजीने शिकवलेच असेल. अळवालाही तोच न्याय. चिंच किंवा आमसूल घाला आणि चांगले शिजू द्या. चिरताना हाताला खोबरेल लावा. मूतखड्याचा त्रास असणाऱ्याने मात्र बेताने खावे.

सीमेपलीकडे गुजरातेत याच पानांचे पात्रा करतात, आपल्याकडे वडी. गणपतीत आणि पितृपक्षात जुडीला चांगली मागणी असते. २०१३ पासून डहाणू रोडहून चर्चगेटपर्यंत लोकल धावते, त्यामुळे जुड्यांना विरार-बोरिवलीचे गिऱ्हाईकही दूर नाही. तलासरीकडच्या एका बाईने अशाच जुड्यांवर मुलीच्या शिवणवर्गाची फी भरली. पुढे अंगणात फरशी घालायची म्हणून घरधनी वाफा बुजवायला निघाला, तेव्हा सासूच आडवी उभी राहिली. म्हणाली, "फरशी जेवायला घालील का?" वाफा राहिला, फरशी दोन हात अलीकडे थांबली.

हल्ली घरे पक्की होत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट. पण बंधूंनो, न्हाणीचा पाइप टाकताना आधी घरातल्या बाईला विचारा, की पाणी कुठे सोडायचे. आणि भगिनींनो, येत्या पावसात चार गड्डे शेजारणीलाही द्या.