तिथी पाहून समुद्राला

शेतात ऊस उभा असेपर्यंत आमच्या घरातलं कुणी मुक्कामाला बाहेर पडत नाही. श्रीपुरात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट स्थापन केली, तिचा कारखाना इथं उभा राहिला आणि त्याच्याभोवती हे गाव वाढलं. आमच्या पट्ट्यात लग्नाची तारीख, घराचा स्लॅब, डोळ्याचं ऑपरेशन, सगळं उसाच्या तोडीवर ठरतं. त्यामुळं कोकणात जायचं असं घरात ठरलं तेव्हा पहिला प्रश्न ‘कुठं’ हा नव्हता, ‘कधी’ हा होता.

आईनं पंढरपूर, तुळजापूर, गाणगापूर, देहू-आळंदी सगळं केलं होतं. समुद्र तेवढा राहिला होता. तिच्याबरोबर मावशीही यायची होती. दोघींचे गुडघे दुखणारे, दोघी माळकरी. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, म्हणजे तिच्या रजेचा हिशेब वेगळा. दोन पोरं. गोठ्यात गाई, आणि धार काढायला धाकटा भाऊ मागं राहणार, म्हणजे त्याच्या वेळेचाही विचार आला. इतक्या सगळ्यांना एका गाडीत बसवून समुद्रापर्यंत न्यायचं आणि सुखरूप परत आणायचं, ही आखणी मी मनापासून केली. तिच्यातून जे कळलं ते आपल्याकडच्या घरांना उपयोगी पडेल, म्हणून लिहितो आहे.

आडसाली उसाला पौषाच्या तोंडाला तोड मिळाली. टोळी फडात उतरली, वाढं गोठ्यात आलं, शेवटची खेप वजनाला गेली आणि चिटबॉयनं स्लिप हातात दिली. पुढं बुडखे छाटायचे, खत द्यायचं आणि खोडव्याला पहिलं पाणी. शेतीपंपाची लाइट आठवडाभर दिवसा, आठवडाभर रात्री. दिवसाच्या आठवड्यात पाणी देऊन घेतलं की पुढची पाळी येईपर्यंत मोकळीक मिळते. ती मोकळीक हीच आमची सुट्टी. पावसाळ्यात घाटात दरडी कोसळतात, मे महिन्यात उकाडा आणि गर्दी, नाताळच्या आठवड्यात खोली मिळत नाही. पौषातले ते दिवस सगळ्याच बाजूंनी बरे होते.

गुहागरला ज्यांच्या घरी उतरायचं होतं त्या काकांना फोन केला. कोणत्या तारखेला येता असं विचारतील अशी माझी अपेक्षा. त्यांनी विचारलं, “तिथी कोणती?” मग त्यांनीच समजावलं. कोकणात भरतीची वेळ ढोबळ मानानं तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला आणि रात्रीही तीनच्या सुमारास. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, पाणी वरपर्यंत चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याची चढ-उतार कमी. ठिकाणाप्रमाणे वेळ थोडी पुढंमागं होते, म्हणून ऐनवेळी फोनवर भरतीचा तक्ता पाहायचा. पण महिनाभर आधी घरात बसून आखणी करायला पाऊणपटीचा हिशेब पुरतो.

मी हे आईला सांगितलं. आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब, पाण्याची पाळी आणि एकादश्या असं सगळं एकत्र असतं. आईचं सगळं आयुष्य तिथीवर चाललेलं. ती बोटं मोजत म्हणाली, “मंजी एकादशीला सव्वाआठला भरती.” बरोबर होतं, अकराची पाऊणपट सव्वाआठ. तिथून पुढं सहलीची आखणी ती आणि मी मिळून करू लागलो.

तुकोबांची पालखी अकलूज, माळीनगरवरून श्रीपूरमार्गे बोरगावच्या मुक्कामाला जाते. आमच्या दारातून जाणारं हे वेळापत्रक आम्ही जन्मापासून पाहतो, आणि आई तर त्यातून चाललेली. न्याहारी कुठं, दुपारचा विसावा कुठं, मुक्काम कुठं, हे तिला वेगळं शिकायचं नव्हतं. तिनं दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, दिंडीत सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या पायानं वाट ठरते. दुसरी, लांबचा पल्ला झाला की दुसऱ्या दिवशीचा पल्ला लहान ठेवायचा. मी आधी श्रीपूर ते गुहागर एका दमात काढला होता. तीनशे किलोमीटरच्या आसपास अंतर, पहाटे निघालो तर संध्याकाळी पोहोचू असा हिशेब. आईच्या नियमानं तो मोडला आणि कोयनानगरला एक मुक्काम घातला. त्यामुळं कुंभार्ली घाट दिवसाच्या उजेडात आला, तोही सगळे ताजेतवाने असताना.

मग तिथीवर ठिकाणं बसवली. गुहागर तालुक्यात हेदवीला दशभुज गणेशाचं मंदिर आहे आणि जवळच किनाऱ्यावर बामणघळ. काळ्या खडकात पडलेली अरुंद, लांब घळ आहे ती. भरतीला समुद्र तिच्यात घुसतो आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलं तर नुसता खडक दिसतो. म्हणजे हेदवी दुपारी तीनला पाहिजे, म्हणजे चतुर्थीला पाहिजे. शुद्ध चतुर्थी विनायकी, दशभुज गणेशाचं दर्शनही त्याच दिवशी. गणपतीपुळ्याला चतुर्थीची गर्दी दोघींना झेपणार नाही, म्हणून तिथं त्या रात्री पोहोचायचं आणि दर्शन पंचमीला सकाळी घ्यायचं. चतुर्थीचा खांब एकदा रोवला, मग मागं मोजत गेलो: तृतीयेला गुहागर, द्वितीयेला श्रीपूर सोडायचं. दशमी-एकादशीला पंढरपूरच्या रस्त्यावर गर्दी असते, त्याच्या आत घरी परत. हे सगळं ठरल्यावर खोल्या सांगितल्या.

बाकी तयारी साधी. गाडीचे ब्रेक, कूलंट, टायर तपासून घेतले. शेंगाचटणी, कडक भाकरी, धपाटे, तिळाच्या वड्या. दोघी माळकरी, म्हणून उतरायची घरं शाकाहारी निवडली, आणि ज्यांना मासे खायचे त्यांनी परतीच्या वाटेवर रत्नागिरीत खायचे, असं आधीच ठरवलं. ठरलेलं असलं की कुणाला संकोच होत नाही.

वेळापूर, पिलीव करत म्हसवड. गोंदवल्याला महाराजांच्या समाधीचं दर्शन, तिथंच पहिला विसावा. दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असा माणदेशाचा कोरडा पट्टा ओलांडून सातारा. तिथून महामार्गानं उंब्रज आणि मग पाटणच्या बाजूला वळलो. डोंगर जवळ येत गेले. कोयनानगरला पोहोचलो तेव्हा ऊन होतं, आणि शिवसागराच्या पाण्याकडं दोघी बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या.

धरणाजवळ थोरल्या पोरानं आजीला विचारलं, “हे पाणी आपल्याकडं येतं का?” उत्तर मी दिलं, कारण ते मला फार दिवस सांगायचं होतं. आपली नीरा सह्याद्रीतूनच येते, नरसिंहपूरला भीमेला मिळते, तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा. पुढं ती कृष्णेला मिळते आणि सगळं पाणी आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र डोंगराच्या पलीकडं इतका जवळ असून आपलं पाणी पूर्वेला जातं. कोयनाही तशीच कऱ्हाडला कृष्णेला मिळणारी. पण इथं धरणातलं बरंच पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पलीकडं उतरवतात, त्यावर वीज होते आणि ते पोफळीजवळून वाशिष्ठी नदीत, तिथून दाभोळच्या खाडीत जातं. रात्री आमच्या विहिरीवरची मोटर ज्या विजेवर चालते, तिच्यात या पाण्याचा वाटा आहे. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आईला आठवत होता. त्या पहाटे आमच्याकडंही भांडी वाजली होती असं ती म्हणाली. कोयनेचा मुक्काम नुसता विसावा म्हणून घातला होता. तो सहलीतला एक मोठा दिवस ठरला.

सकाळी धुकं निवळल्यावर घाट उतरलो. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय दाबून बसायचं नाही. चिपळूणला चहा, आणि दुपारच्या आत गुहागर. व्याडेश्वराचं दर्शन घेतलं. भरती दुपारी सव्वादोनला होती, ती जेवणाच्या वेळेत गेली. जेवणात वालाचं बिरडं, सोलकढी आणि मोदक.

काकांनी एकच गोष्ट दोनदा बजावली: “पाणी उतरायला लागलं की कुणी गुडघ्याच्या वर जाऊ नका. ओहोटी माणसाला आत ओढते.” हे प्रत्येक घरानं लक्षात ठेवावं. आपल्याकडची माणसं नदीत, विहिरीत पोहायला शिकलेली असतात आणि त्या भरवशावर समुद्रात जातात. विहिरीचं पाणी ओढत नाही.

चतुर्थीला सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. गुहागरचा किनारा आधीच लांबलचक, त्यात पाणी खाली गेलेलं. ओली वाळू घट्ट असते, पाय रुतत नाही. सुरूच्या बनापाशी मऊ वाळूत अडखळणाऱ्या दोघी त्या ओल्या वाळूवर आधाराशिवाय चालत गेल्या. मी ती वेळ केवळ तेवढ्यासाठी मोकळी ठेवली होती. आईनं वाकून पाणी ओंजळीत घेतलं, डोळ्यांना लावलं, आणि मावशीला म्हणाली, “चांगलंच खारट हाय गं.”

वेळणेश्वर करून अडीचला हेदवीला पोहोचलो. दशभुज गणेशाचं दर्शन घेऊन खाली किनाऱ्यावर गेलो. घळीपर्यंत खडकावरून जावं लागतं, दोघींना जरा अलीकडं सावलीत बसवलं; तिथूनही दिसत होतं. लाट घळीच्या तोंडाशी येई, आत शिरे, क्षणभर काहीच नाही. मग खडकाच्या पोटात गडगड होई आणि पांढरं पाणी सरळ वर उसळून तुषार अंगावर येत. पोरं ओरडत होती. आई निरखून पाहत होती. “बोअरची मोटर चालू केल्यावर आधी हवा येती आन मग पाणी फेकतंय, तसं हाय,” ती म्हणाली. घळीचं काम तिनं एका वाक्यात सांगितलं होतं. अरुंद जागेत कोंडलेलं पाणी आणि हवा, वाट मिळेल तिकडं जोरानं बाहेर.

तिथून तवसाळ. शास्त्री नदीची खाडी फेरीबोटीनं ओलांडली की समोर जयगड. बोट नसती तर खाडीला मोठा वळसा पडला असता. गाडीसकट बोटीवर चढायचं, हे मावशीला शेवटपर्यंत खरं वाटत नव्हतं. शेवटच्या फेरीची वेळ आधी विचारून ठेवली होती, त्यामुळं धावपळ झाली नाही.

पंचमीला गणपतीपुळ्याचं दर्शन शांतपणे झालं. देवळामागची टेकडीच गणपतीचं रूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा टेकडीला. ती मी आणि पोरांनी घातली. तिथला समुद्र धोक्याचा आहे, पाण्यात कुणी उतरलं नाही. जवळच मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर आहे. ते १८६६ मध्ये एका शाळामास्तरांच्या घरी जन्मले. ते घर बायकोनं मन लावून पाहिलं. ही जागा तिच्यासाठीच आखणीत होती. पुढं आरे-वारेचा समुद्राकाठचा रस्ता आणि रत्नागिरी. दुसऱ्या दिवशी पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी. त्यांनी ज्ञानेश्वरी अभंगात आणली, हे आईला ठाऊक होतं. तिथं तिनं मागितला तेवढा वेळ दिला.

परत येताना आंबा घाट चढून कोल्हापूरला मुक्काम केला. रत्नागिरी–नागपूर महामार्ग मिरजेवरून सांगोल्याला येतो, म्हणजे रत्नागिरीच्या समुद्रापासून निघालेला रस्ता थेट आपल्या जिल्ह्यात उतरतो. सांगोल्याच्या पुढं रस्त्याकडेला ज्वारी हुरड्यात आली होती. ठरल्याप्रमाणं पाण्याच्या पाळीआधी घरी पोहोचलो, आणि भावाला सांगितलेली वेळ पाळली गेली.

लोक म्हणतात, शेतकऱ्याला सहल जमत नाही, त्याचं काहीच त्याच्या हातात नसतं. मला वाटतं, याच कारणानं ती त्याला उत्तम जमते. पाणी कधी येईल, लाइट कधी येईल, टोळी कधी येईल, या दुसऱ्यांच्या वेळा सांभाळत आपण वर्ष काढतो. समुद्रही आपल्या वेळेनं येतो आणि जातो. त्याच्याशी जुळवून घेणं आपल्याला परकं नाही. घरातली म्हातारी माणसं तिथी सांगू शकतात, मुक्काम आणि विसावा ठरवू शकतात. त्यांना गाडीत नुसतं मागच्या सीटवर बसवू नका, आखणीला पुढं बसवा. आधी तिथी, मग ठिकाण, मग खोली, आणि वेग सगळ्यात हळू माणसाचा. पुढच्या वर्षी विजयदुर्ग, कुणकेश्वर, मालवण करायचं आहे. ऊस कधी तुटेल ते कारखाना सांगेल. तिथी आई काढणार आहे.