साज उतरवलेला ‘ओक्लाहोमा!’

‘ओक्लाहोमा!’चं २०१९चं ध्वनिमुद्रण रात्री पुन्हा ऐकलं. रॉजर्स-हॅमरस्टाइन जोडीची ही संगीतिका १९४३ साली ब्रॉडवेवर आली, आणि डेका कंपनीनं त्याच वर्षी मूळ संचाच्या आवाजात तिच्या तबकड्या काढल्या. तिथे भला मोठा वाद्यवृंद, सगळं कसं उजळ, ऐसपैस. नव्या मुद्रणात वादक अवघे सात. बँजो, मँडोलिन, पेडल स्टील गिटार. वाद्यसंयोजक डॅनियल क्लुगर यांनी चालींना हात न लावता अंगावरचा साज तेवढा उतरवलाय.

त्यामुळे काय झालं? शब्द ऐकू येऊ लागले. कर्ली आपल्या प्रतिस्पर्ध्याला, जडला, त्याच्याच मयताचं चित्र रंगवून सांगतो, ते गाणं एरवी हसण्यावारी जायचं. इथे एक आवाज गोडीगुलाबीनं गळ घालतो, दुसरा भाबडेपणानं त्यात ओढला जातो, आणि आपल्या अंगावर काटा येतो. हा माणूस नायक म्हणायचा?

जुन्या तबकड्या मला प्रियच आहेत. पण अभिजात कृती नव्यानं मुद्रित करायची तर अशीच करावी. नुसता आवाज स्वच्छ हवा असेल, तर नवा संच कशाला?