पोळ्याच्या तोरणाखालीं

वऱ्हाडांत प्रवासास जाण्यास कोणता काळ बरा, असें आम्हांस कोणी विचारलें तर आम्ही श्रावणी अमावास्येचें नांव सांगूं. नागपुराहून वर्ध्यामार्गें यवतमाळ सुमारें दीडशें किलोमीटर आहे. वर्धा नदीचा पूल ओलांडला कीं काळी जमीन सुरू होते. त्या दिवसांत रस्त्याच्या दोहों बाजूंस पऱ्हाटी कमरेस लागलेली असते, मधून मधून तुरीचीं तासें दिसतात, आणि आभाळ अजून पुरतें उघडलेलें नसतें. वाटेंत कळंबास चिंतामणीचें दर्शन घ्यावें. देव जमिनीच्या पातळीखालीं आहे, पायऱ्या उतरून जावें लागतें. पूर्वीं आगगाडीची हौस असलेल्यांस मूर्तिजापुराहून ‘शकुंतला’ गाडीनें यवतमाळास येतां येत असे. कापूस वाहून नेण्यासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं घातलेला तो अरुंद लोहमार्ग आतां कित्येक वर्षें बंद आहे.

आम्ही मात्र निघालों होतों तें राजकीय टीकाचित्रें पाहण्यास. टीकाचित्रें पाहावयाचीं तर वर्तमानपत्र उघडावें. त्यासाठीं पोळ्याच्या दिवशीं खेड्यांत चिखल तुडवीत कशाला जावें, अशी शंका आमच्या घरांतील वडील मंडळींनीं काढली. तिचें उत्तर पुढें येईलच.

कळंब तालुक्यांतील एका लहानशा गांवीं आम्ही दुपारीं पोहोंचलों. आदल्या दिवशीं बैलांचे खांदे लोणी-हळद लावून शेकले होते. तिसऱ्या प्रहरीं त्यांना न्हाऊं घालून, शिंगांस बेगड, गळ्यांत घागरमाळा व पाठीवर झूल घालून आखरावर आंब्याच्या तोरणाखालीं रांगेनें उभें करण्यांत आलें. ज्यांच्याजवळ झुलीपुरता पैसा नव्हता, त्यांनीं रंगावर भागविलें होतें. कर्जमाफी, कापसाचा भाव, असे शब्द बैलांच्या अंगावर लिहिण्याची चाल अलीकडे बरीच पसरली आहे. पण एका पांढऱ्या बैलाच्या कुशीवर आम्हांस पाहिजे होतें तें सांपडलें. गेरूनें एक तराजू काढला होता. एका पारड्यांत कापसाचा भला मोठा ढीग, दुसऱ्यांत खताची एकुलती एक गोणी. आणि गोणीचें पारडें खालीं खालीं जाऊन बैलाच्या पोटाखालीं दिसेनासें झालें होतें. अक्षर एकही नव्हतें. बैलानें श्वास घेतला कीं तराजू हाले. ही योजना चित्रकारानें मुद्दाम केली होती कीं ती आपोआप साधली होती, हें आम्हीं विचारलें नाहीं. विचारणें बरेंही दिसलें नसतें.

मग झडत्या सुरू झाल्या. झडती म्हणजे पोळा फुटण्यापूर्वीं मोठ्यानें म्हणावयाचें यमकबद्ध पद. एकानें म्हणावी, दुसऱ्यानें तिच्यावर ताण करावी, आणि शेवटीं सर्वांनीं महादेवाचा गजर करावा. त्यांत शिवपार्वतीचा संसार असतो, बैलाचें कौतुक असतें, सावकार असतो. परंतु खरी मजा अशी कीं, त्याच सांच्यांत दर वर्षीं नवा मजकूर ओतला जातो. निवडणुकीचीं आश्वासनें, पीकविमा, विजेचें बिल, गावचा पुढारी, कोणी सुटत नाहीं. ज्याच्यावर झडती असते तो पुष्कळदां दहा हातांवर उभा असतो, आणि त्याला हंसावेंच लागतें. पुण्यामुंबईच्या कोणत्या चित्रकारास आपल्या चित्राचा विषय असा समोर उभा मिळतो?

विचार केल्यास टीकाचित्राची सारी कृति येथें दिसून येते. बातमी ताजी पाहिजे, आकृति मात्र जुनी व ओळखीची पाहिजे. एखादाच अवयव अथवा एखादीच लबाडी उचलून ती फुगवावी, आणि समजावून सांगण्याची पाळी येऊं देऊं नये. ‘कार्टून’ या शब्दास आजचा अर्थ आला तो १८४३ सालीं, लंडनच्या ‘पंच’ पत्रामुळें. पार्लमेंटच्या नव्या इमारतींत काढावयाच्या भव्य चित्रांच्या कच्च्या आराखड्यांचें प्रदर्शन भरलें होतें. त्या आराखड्यांस कार्टून म्हणत. जॉन लीच या चित्रकारानें त्या प्रदर्शनांत फाटक्या कपड्यांतील भुकेलेलीं माणसें नेऊन उभीं केलीं. अन्नाऐवजीं चित्रें मिळालेलीं तीं माणसें आम्हांस यवतमाळाच्या आखरावर फार आठवलीं. आपल्याकडे शं. वा. किर्लोस्करांनीं ‘टाकांच्या फेकीं’नीं ही विद्या घरोघरीं नेली, आणि १९६० सालीं निघालेल्या ‘मार्मिक’नें तिला चव्हाट्यावर आणलें.

तरी आमची एक तक्रार आहे. यवतमाळाचें चित्र बहुधा यवतमाळाबाहेरच काढलें जातें. ठिगळाचें धोतर, वाळलेलें झाड, फांदीला दोर, एवढ्या सामग्रीवर शेतकरी उभा होतो, आणि वर्षानुवर्षें तोच छाप उमटतो. १९४३ सालीं तो कदाचित् चालला असता. आजच्या शेतकऱ्याच्या अंगांत पँट व हातांत मोबाईल असतो, आणि त्याचें दुःख त्यानें कमी होत नाहीं. २०१७ सालीं कपाशीवर औषध फवारतांना विषबाधा होऊन या जिल्ह्यांत सुमारें वीस माणसें दगावलीं; त्या दुःखास दोर आणि झाड काय कामाचें? २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्रीं याच जिल्ह्यांत अवनी वाघिणीस गोळी घालण्यांत आली, तेव्हां देशभर टीकाचित्रांचा पाऊस पडला. जीं आमच्या पाहण्यांत आलीं त्यांत दोन बछड्यांची आई होती, बंदूक होती, मंत्री होते. ज्या तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता, त्यांच्यापैकीं एकही कोठें दिसला नाहीं. वाघिणीबद्दल आम्हांस वाईट वाटलें नाहीं असें नव्हे. पण राळेगांवाच्या बाजूस संध्याकाळीं शेतांतून परतणाऱ्या बाईचें चित्र कोणी काढावयाचें? शेजारच्या चंद्रपुरास राहून मनोहर सप्रे यांनीं वर्षानुवर्षें व्यंगचित्रें काढलीं. तेव्हां ही कला मोठ्या शहराबाहेर जगत नाहीं असें म्हणण्यास जागा नाहीं.

शिवाय या जिल्ह्यास कागदावांचून टीकाचित्र काढण्याची जुनी संवय आहे. लोकनायक बापूजी अणे मूळचे वणीचे. जुलै १९३० मध्यें त्यांनीं पुसदेस जंगल सत्याग्रह केला, तो राखीव जंगलांतील गवत कापून. मूठभर गवतासाठीं साम्राज्याला तुरुंग उघडावा लागला, यापेक्षां बोलकें टीकाचित्र कोणत्या कुंचल्यानें काढलें असतें? जानेवारी २०१९ मध्यें यवतमाळास ९२वें साहित्यसंमेलन भरलें. नयनतारा सहगल यांस उद्घाटनाचें दिलेलें निमंत्रण ऐन वेळीं मागें घेण्यांत आलें. तेव्हां मांडवांत कांहीं स्त्रिया सहगल यांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून बसल्या. जी पाहुणी नको होती, ती एकीच्या अनेक झाली! आणि उद्घाटन केलें तें राजूर गांवच्या वैशाली येडे यांनीं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीनें. त्या दिवशीं झाडाखालच्या त्या छापील शेतकऱ्याच्या चित्राबाहेरचें माणूस व्यासपीठावर येऊन स्वतः बोललें.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आम्ही नागपुरास मारबत पाहिली. तेथें चालू घडामोडींवरचे बडगे, म्हणजे पुढाऱ्यांचे व दुष्कृत्यांचे मोठाले पुतळे, मिरवणुकीनें नेऊन जाळतात. थाट मोठा, गर्दी अफाट. चित्रकाराचें नांवही फलकावर असतें. आम्हांस मात्र राहून राहून तो पांढरा बैल आठवत होता. तिसऱ्या दिवशीं कांहीं कामानिमित्त पुन्हां त्याच रस्त्यानें जावें लागलें, तेव्हां तो डवऱ्याला जुंपलेला दिसला. रात्रीं पाऊस झाला होता. कापसाचा ढीग पार धुऊन गेला होता. गोणीचें पारडें पोटाच्या आडोशास असल्यामुळें तेवढें शिल्लक होतें.