बिजागरीचा खिळा

मनुष्याच्या घरात आणि वाहनात काही वस्तू अशा असतात की दोन भागांना एकत्र धरून ठेवणे आणि तरीही त्यांतील एकाला मोकळेपणी हलू देणे एवढेच त्यांचे कर्तव्य असते. दाराची बिजागरी ही त्यांतील सर्वांत परिचित. आणि मोटारीच्या बॉनेटची बिजागरी ही, माझ्या मते, सर्वांत उपेक्षित. इंजिनाची वास्तपुस्त होते, टायरांची झीज बोटांनी चाचपली जाते, तेलाची पातळी पाहिली जाते. परंतु हे सारे पाहण्याकरिता जो पत्रा आपण वर उचलतो तो कशाच्या आधारावर फिरतो, याकडे तो करकरू लागेपर्यंत कोणाचेही लक्ष जात नाही. माझे लक्ष तिकडे फार लवकर, कर्जतच्या मामलेदार कचेरीच्या आवारात खेळण्याच्या वयातच गेले.

त्या काळी आमचा तालुका कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. रायगड हे नाव जिल्ह्याला १९८१ साली मिळाले. वडील कचेरीत अव्वल कारकून होते, आणि पिकांची आणेवारी, पुराचे पंचनामे, तगाईची वसुली अशा कामांसाठी साहेबांचा दौरा निघे तो सरकारी जीपमधून. महायुद्धाच्या रणभूमीकरिता निर्माण झालेले हे वाहन स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच माझगावला महिंद्रांकडे जुळविले जाऊ लागले, आणि पुढे चावडीपासून धरणाच्या पायापर्यंत जेथे जेथे सरकारचे पाऊल पोहोचावयाचे तेथे तेथे ते बहुधा या जीपच्याच चाकांवरून पोहोचले. तिच्या बॉनेटला आतून ओढावयाची केबल नव्हती. दोन्ही बाजूंना मडगार्डांवर एकेक खटका असे, तो सोडविला की ते जाड, सपाट झाकण मागे उलटून थेट काचेच्या चौकटीला टेकविता येई. चौकटीखालच्या पत्र्याशी ते जोडलेले असे एका लांबलचक बिजागरीने, जिच्या नळ्या दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशा आळीपाळीने बसविलेल्या होत्या आणि त्या सर्वांतून एकच सळई आरपार गेलेली होती. सरकारी ड्रायव्हर (आम्हा मुलांचे ते काका) जळक्या तेलात बुडविलेली चिंधी त्या नळ्यांवरून सावकाश फिरवीत, मग बॉनेट दोनचार वेळा उघडमीट करीत आणि उरलेले तेल पुसून घेत. हे काम करण्याविषयी त्यांना कोणाचाही हुकूम नव्हता, किंबहुना कचेरीच्या कोणत्याही दफ्तरात त्याची नोंद झाली नसेल. परंतु त्या जीपचे बॉनेट मी कधी वाजताना ऐकले नाही.

पुढे अशीच एक जीप, सरकारी सेवेतून निकामी ठरवून लिलावात काढलेली, माझ्या मामांनी घेतली. मामांचे घर खालापूर तालुक्यात, चौकच्या अलीकडे. भाताची पोती, दुधाचे कॅन, प्रसंगी शेजारच्या वाडीतील आजारी माणूस, असे सारे त्या जीपमधून जाई. उन्हाळ्यात पाहुणे आले की मामा त्यांना नेरळवरून माथेरानला पोहोचवीत. माथेरान आमच्याच तालुक्यात, परंतु मोटारींना तेथे मज्जाव. दस्तुरी नाक्याशी गाड्या थांबतात आणि त्या काळी पुढे पायी, घोड्यावर किंवा माणसाने ओढलेल्या रिक्षातून जावे लागे. त्या चढावर इंजिनातील पाणी उकळू लागे, आणि नाक्यावर पोहोचताच मामा प्रथम बॉनेट उघडून ठेवीत. अशाच एका खेपेत बॉनेटचा डावा कोपरा बिजागरीपाशी बोटभर वर उचलला गेलेला दिसला. सळईचे डावे टोक गंजाने खाल्ले होते. नळ्या जागेवर होत्या, परंतु त्यांच्या आत धरणारे काहीही उरले नव्हते.

मामांनी ती जीप खोपोलीला एका मिस्त्रींकडे नेली. खोपोली हे गाव या बाबतीत भाग्यवान खरे. टाटांचे जलविद्युत केंद्र येथे १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याकडील तलावांचे पाणी घाट उतरून यावे, त्याने चक्रे फिरवून मुंबईला वीज द्यावी आणि मग पाताळगंगेत मिसळून जावे, अशी ती योजना. त्या केंद्रामागोमाग, फार पुढच्या काळात का होईना, पोलादाचे आणि कागदाचे कारखाने आले, आणि कारखान्यांबरोबर लेथवर बसणारी, मापात काम करणारी माणसे आली. हे मिस्त्री त्यांच्यापैकीच एक. त्यांनी बॉनेट हाताने उचलून, किंचित डोलवून पाहिले आणि म्हणाले, "मामा, पान शाबूत आहे तुमचं. खिळा गेलाय फक्त. बिजागरी कशाला बदलता?" पान म्हणजे बिजागरीचा पत्रा आणि खिळा म्हणजे ती सळई. जुनी सळई रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून, ठोकून, तुकड्यातुकड्यांनी बाहेर काढावी लागली, नवी सळई त्यांनी मुद्दाम मऊ पोलादाची निवडली. मामांनी कारण विचारले, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर मला शाळेतील कोणत्याही पाठापेक्षा अधिक स्पष्ट आठवते. "दोन लोखंडं एकमेकांवर घासली तर एक झिजणारच. मग जे स्वस्त, जे काढता येतं, ते झिजू दे. खिळा पानापेक्षा कडक केलात तर पान जाईल, आणि पानाला मग इलाज नाही."

यंत्रशास्त्राच्या ग्रंथांत हाच नियम निराळ्या भाषेत सांगितलेला असतो. रेल्वेच्या डब्याखालील ब्रेकचे ठोकळे, मोटेच्या चाकाच्या आसातील बदलता येणारी कडी, लेथच्या आसाभोवतीचे पितळी बुश, या साऱ्यांत झीज कोठे व्हावी हे मनुष्याने अगोदरच ठरवून ठेवलेले असते. झीज टाळता येत नाही. तिची जागा मात्र निवडता येते, आणि ज्याने ती जागा शहाणपणाने निवडली त्याच्या वस्तूचे आयुष्य वाढते, अशी माझी तेव्हापासून दृढ समजूत आहे.

माझ्या स्वतःच्या वाट्याला जी मोटार आली ती अँबॅसडर. इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून बेतलेली, बंगालमध्ये उत्तरपाडा येथे तयार होणारी, आणि २०१४ साली जिचे उत्पादन कायमचे थांबले ती. तिचे बॉनेट पुढून उघडते आणि त्याच्या दोन बिजागऱ्या मागे, काचेच्या पायथ्याशी असतात. कर्जतच्या पावसात ही जागा सर्वांत वाईट. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सह्याद्रीच्या पायथ्याशी जो पाऊस कोसळतो तो येथे राहणाऱ्यास सांगावयास नको. परंतु बिजागरीचा खरा शत्रू केवळ पाऊस नव्हे, त्याबरोबर येणारी पाने होत. अंगणातील जांभळाची पाने आणि सागाचा फुलोरा काचेवरून घसरत येऊन बॉनेटच्या मागील फटीत साठतात, कुजतात आणि उघडीप मिळाली तरी तेथे ओल धरून ठेवतात. त्या ओलीत रस्त्यावरची बारीक वाळू मिसळली की खिळ्याभोवती जणू कानसच फिरू लागते. म्हणून मी तरुण मोटारधारकांना आवर्जून सांगतो की गाडी धुवा अथवा न धुवा, परंतु ही फट मात्र पावसाळ्यात हाताने साफ करीत जा.

बिजागरी झिजली हे कळते ते बिजागरीकडे पाहून नव्हे, तर बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधील फटीकडे पाहून. ही फट पुढपासून मागपर्यंत सारखी असावी; ती एका टोकाला रुंदावली आणि दुसऱ्या टोकाला पत्र्याला पत्रा लागून रंग उडू लागला, की बॉनेट उघडून, बिजागरीजवळ धरून, वरखाली हलवून पाहावे. पान हलते पण खिळा हलत नाही, असे दिसले तर भोक लांबट झाले आहे. दोन्ही मिळून हलत असतील तर बहुधा केवळ बोल्ट सैल झाले आहेत आणि पाना फिरविण्याने काम भागेल. माझ्या गाडीत डावे भोक अंड्याच्या आकाराचे झाले होते.

घरी हे काम करावयाचे तर दुसरा माणूस हवा. माझ्या भाच्याने बॉनेट धरले. काचेच्या पायथ्याशी, कोपरा घसरला तर रंगाला लागू नये म्हणून, जुन्या गोधडीची घडी ठेवली. बोल्टाला पाना लावण्यापूर्वी बिजागरीच्या पानाची कड टोकदार पेन्सिलीने पत्र्यावर रेखून घ्यावयाची. कारण बोल्टांची भोके मुद्दाम बोल्टांपेक्षा मोठी ठेवलेली असतात, आणि जुनी जागा एकदा हरवली की ती पुन्हा शोधण्यात सारा दिवस जातो. एका वेळी एकच बाजू सोडवावयाची. बोल्टांखाली पातळ पट्ट्या निघाल्या तर त्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने बाजूस ठेवावयाच्या, कारण त्या पट्ट्यांनी बॉनेटची उंची ठरलेली असते.

सुटलेली बिजागरी घेऊन मी खोपोलीला गेलो. जुने मिस्त्री आता नाहीत. त्यांच्याच हाताखाली शिकलेला मनुष्य लेथवर आहे. "काका, कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळेल दुसरी," तो म्हणाला, "पण तीही कुणाची तरी वापरलेलीच असणार. हीच करू." त्याने लांबट भोक मोठ्या ड्रिलने गोल केले, आत पितळी बुश बसविले, खांदा असलेला नवा खिळा कातला आणि खिळ्याचे डोके ठोकण्यापूर्वी दोन पानांमध्ये जाड कागदाचा तुकडा सरकविला. ठोकून झाल्यावर कागद ओढून काढला; त्या कागदाइतकी मोकळीक राहिल्यामुळे बिजागरी घट्ट होती, परंतु आवळलेली नव्हती. हे पाहून मला त्याच्या गुरूंचा मऊ खिळा आठवला आणि मन भरून आले. पान तडकलेले किंवा वाकलेले असते तर मात्र मी क्षणभरही भावनेत न पडता दुसरी बिजागरी आणली असती. वेगात सुटलेले बॉनेट काचेवर आदळून चालकाची दृष्टी झाकते, आणि तेथे जुन्या वस्तूविषयीच्या ममत्वाला जागा नाही. काही मोटारींत, उदाहरणार्थ फियाट १२४ च्या धर्तीवरील प्रीमियर ११८ एनईमध्ये, बॉनेटची बिजागरी पुढे ठेवलेली असे. खटका सुटला तरी समोरचा वारा बॉनेटला दाबूनच धरी. ही योजना मला नेहमीच अधिक समंजस वाटत आली आहे.

परत आल्यावर रेघांना रेघा जुळवून बोल्ट हातानेच फिरविले, बॉनेट हळूहळू खाली आणले, फट पाहिली, पुन्हा उघडून केसभर सरकविले आणि मग पान्याने आवळले. पुढचे रबरी ठोकळे पाव फेरा वर घेतले, तेव्हा खटका एकाच आवाजात बसला. दुसऱ्या दिवशी भाच्याला शेजारी बसवून खोपोलीवरून जुन्या रस्त्याने घाट चढलो. १८३० साली गाडीरस्ता म्हणून खुला झालेल्या या घाटात शिंगरोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर आजही नाणे टाकतात. आम्हीही टाकले, आणि तेथेच थांबून बॉनेट उघडले. डाव्या बाजूला काहीही हलत नव्हते. उजव्या बिजागरीत मात्र भाच्याला नखाएवढी मोकळीक आढळली. तिच्याही खिळ्याचे माप त्याने वहीत उतरवून घेतले असून, दसऱ्यानंतर ती सोडवावयाची, तोवर काचेखालची पाने काढण्याचे काम त्याचे, असे ठरले आहे.